एक्सल रेशो आणि मागे जोडलेलं ओझं : वाचकांचे प्रश्न

यावेळच्या पत्रांत अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं जास्त आहेत, आणि ते साहजिकच आहे. तिथे घरच्या पिकअपला कॅम्पर किंवा बोट जोडून सुट्टीला निघणं ही रोजची गोष्ट. गाडी घेताना ‘एक्सल रेशो ३.३१ घेऊ की ३.७३’ हा प्रश्न तिथेच पडतो. एक पत्र रत्नागिरीचंही आहे. तिथे ट्रेलर नाही, पण क्राउन-पिनियनचं (एक्सलमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांचं) गणित तेच आहे.

वापरलेला फोर्ड एफ-१५० घ्यायचा आहे. इंजिन ३.५ लिटर इकोबूस्ट, दहा गिअरचा ऑटोमॅटिक. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत, एकीचा एक्सल रेशो ३.३१, दुसरीचा ३.७३. दुसरी महाग आहे. आमचा कॅम्पर सामानासकट ७,००० पौंड भरतो. ३.३१ वर भागेल का? ओळखीचे सगळे म्हणतात, ओढायचं असेल तर ३.७३ शिवाय घेऊच नका. (ह्यूस्टन)

भागेल. मात्र ओळखीचे लोक तसं का म्हणतात, ते आधी समजून घ्या.

रेशो म्हणजे क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात. ४१ ला ११ ने भागलं की ३.७३, ३९ ला ११ ने भागलं की ३.५५, ४३ ला १३ ने भागलं की ३.३१. चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याला) तेवढे फेरे घ्यावे लागतात. जितके फेरे जास्त, तितका चाकावर टॉर्क (फिरवायचा जोर) जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तितकेच जास्त. ३.३१ आणि ३.७३ मधला फरक १२.७ टक्के. इंजिनाची ताकद यात काडीचीही वाढत नाही, ती फक्त वेगळ्या हप्त्यांत मिळते.

‘ओढायचं तर मोठा रेशो’ हा सल्ला चार गिअरच्या जमान्यातला आहे आणि त्या काळी तो अगदी बरोबर होता. २००० सालच्या आसपासच्या एफ-१५० मधल्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.८४, दुसरा १.५५, तिसरा १.००, चौथा ०.७०. ३.७३ एक्सलसोबत पहिल्या गिअरची एकूण घट (गिअर गुणिले एक्सल रेशो) व्हायची १०.६. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे एकदम तिसऱ्या हिश्श्याने पडायचे. चढावर तिसऱ्यात दम नाही आणि दुसऱ्यात इंजिन किंचाळतंय, मधली पायरीच नाही, अशी कोंडी व्हायची. त्यातून वाट काढायला एक्सल हाच एक उपाय होता.

तुमच्या दहा गिअरच्या पेटीचा (गिअरबॉक्सचा) पहिला गिअर ४.६९६ आहे. ३.३१ एक्सलसोबत एकूण घट १५.५, ३.७३ सोबत १७.५. म्हणजे आजचा ३.३१ वाला ट्रक जागेवरून उठताना जुन्या ३.७३ वाल्यापेक्षा जवळपास दीडपट जोर लावतो. आणि रस्त्यावर? सातवा गिअर १.०००, आठवा ०.८५४. ३.३१ चा ट्रक सातव्यात असेल तर एकूण घट ३.३१, ३.७३ चा ट्रक आठव्यात असेल तर ३.१९. ताशी ६५ मैलांना, ३२ इंची टायरवर, पहिल्याचं इंजिन २,२५० फेऱ्यांवर आणि दुसऱ्याचं २,१७० वर. पेटी एक गिअर खाली येते आणि फरक मिटतो.

तरीही ३.७३ चे फायदे आहेत, ते नाकारू नका. घराच्या चढाच्या ड्राइव्हवेमध्ये कॅम्पर उलटा चढवताना, ओल्या उतारावरून बोट वर काढताना, चढावरच्या सिग्नलला थांबून पुन्हा निघताना पेटीपाशी याहून खालचा गिअरच नसतो. तिथे एक्सलचे १२.७ टक्के थेट उपयोगी पडतात. टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि पेटी तेलाने जोडणाऱ्या भागाची) घसरण लवकर संपते, म्हणून पेटीचं तेल कमी तापतं. चाकावर तेवढाच जोर हवा असेल तर ३.७३ मध्ये पेटी आणि प्रोपेलर शाफ्टवरचा ताणही कमी असतो. वर्षातले चाळीस-पन्नास दिवस ९-१० हजार पौंड ओढणार असाल, तर आम्हीही ३.७३ च म्हणू. ७,००० पौंड आणि वर्षाला पाच-सहा सहली, एवढ्यासाठी नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते सांगतो, कारण गाडी तिथेच अडते. दोन्ही गाड्यांच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. कॅम्परच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या जोडणीवर) येतो. ७,००० पौंडांचे साडेबारा टक्के म्हणजे ८७५. वजन वाटून देणारी हिच साधारण ९०. चार माणसं ६००. मागचं सामान १५०. बेरीज १,७१५. सनरूफ, मोठी चाकं, लेदर असल्या हौशी असलेल्या गाडीचं स्टिकर १,४५० च्या आसपासही निघतं. तसं निघालं तर एक्सल ३.७३ असो नाहीतर ४.१०, ती गाडी तुमच्या कॅम्परसाठी नाही. हे ओझं स्प्रिंग, टायर आणि एक्सलच्या नळीवर येतं, दातांवर नाही.

त्यानंतर टो पॅकेज पाहा. मजबूत हिच, ट्रेलर-ब्रेक कंट्रोलर, जास्तीचं कूलिंग, यांतलं काय आहे नि काय नाही ते तपासा. ३.३१ च्या गाडीला पूर्ण पॅकेज आहे आणि ३.७३ च्या गाडीला अर्धवट, असं असेल तर आम्ही ३.३१ ची घेऊ.

जुन्या गाडीत कोणता रेशो आहे, हे विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता कसं ओळखायचं? (डॅलस)

फोर्डमध्ये दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर एक्सलचा कोड असतो. एफ-१५० मध्ये १९ म्हणजे साधा ३.५५, एल९ म्हणजे लॉक होणारा ३.५५, एल६ म्हणजे लॉक होणारा ३.७३. शेवरले-जीएमसीमध्ये कोडच्या यादीत जीयू६ असेल तर ३.४२, जीटी४ तर ३.७३, जीटी५ तर ४.१०. जी८० हा रेशो नाही, तो लॉक होणाऱ्या डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या जुळणीचा) कोड आहे. जाहिरातीत या दोन्हींची गल्लत फार होते.

कोड सांगतो तो कारखान्यातून निघतानाचा रेशो. मध्ये कोणी दात बदलले असतील तर मोजायलाच हवं. पुढची दोन्ही चाकं पाचरींनी घट्ट अडवा, मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि दुसऱ्या माणसाला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. पावणेचारच्या किंचित आत आले तर ३.७३, साडेतीनच्या किंचित पुढे गेले तर ३.५५. दोन फेरे अशासाठी की साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक जमिनीवर स्थिर असताना क्राउन निम्माच फिरतो. एकाच फेऱ्यावर मोजून ‘रेशो १.८ आला’ म्हणून घाबरलेले लोक असतात. लिमिटेड स्लिपच्या (एकच चाक मोकळं फिरू न देणाऱ्या) एक्सलवर असं एक चाक फिरतच नाही किंवा फार जड फिरतं. तिथे दोन्ही चाकं उचला, ती एकत्रच फिरतील, आणि मग एकच फेरा पुरे. गाडीखाली जाणाऱ्याने स्टँड नीट बसलाय याची स्वतः खात्री करावी, जॅकच्या भरवशावर राहू नये.

रॅम १५००, ५.७ हेमी, आठ गिअर, एक्सल ३.२१. ६,००० पौंडांचा कॅम्पर घेऊन आय-७० हायवेवरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना इंजिन ४,५०० च्या वर ओरडतं आणि पेटी सारखी गिअर बदलत राहते. इथल्या एका गॅरेजने ३.९२ बसवायला सुचवलं आहे. बसवावं का? (डेन्व्हर)

आमचं मत : नको. का, ते आकड्यांवरूनच पाहा.

तुमच्या पेटीचे गिअर ४.७१४, ३.१४३, २.१०६, १.६६७, १.२८५, १.०००, ०.८३९ आणि ०.६६७. तिसरा-चौथा, चौथा-पाचवा, पाचवा-सहावा यांच्यातलं अंतर २६ ते ३० टक्के. ३.२१ आणि ३.९२ मधलं अंतर २२ टक्के. म्हणजे एक्सल बदलणं हे जवळजवळ बरोबर एक गिअर खाली उतरण्याएवढं आहे. ताशी ४५ मैलांना ३.२१ एक्सलवर तिसरा गिअर सुमारे ३,२०० फेरे देतो, ३.९२ एक्सलवर चौथा ३,१०० फेरे देतो. तोच वेग, तेच फेरे, तोच जोर. फक्त काट्यावरचा गिअरचा आकडा बदलला. काही हजार डॉलर मोजून चढावर तुम्हाला जे मिळेल, ते स्टिअरिंगवरचं गिअर कमी करायचं बटण दाबून आजही मिळतं.

चढावर खरा प्रश्न उंचीचा आहे. बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना ढोबळमानाने तीन टक्के ताकद गमावतं. डेन्व्हरला पोहोचेपर्यंतच पंधरा टक्के गेलेली असते, बोगद्याशी जवळजवळ एक तृतीयांश. ३९५ अश्वशक्तीचं इंजिन तिथे २७० च्या आसपास उरतं. दोन्ही मिळून १२-१३ हजार पौंड वजन सहा टक्के चढावर ताशी ५५ ने न्यायला चाकांपाशी १८० च्या आसपास लागतात. ते द्यायला या इंजिनाला ४,००० च्या वर फिरावंच लागतं, एक्सल कोणताही असो. फेऱ्यांच्या आवाजाला घाबरू नका. कूलंट आणि पेटीच्या तेलाच्या तापमानावर नजर ठेवा. ती स्थिर असतील तर इंजिन आपलं काम करतंय.

गिअरची धावपळ थांबवायला टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची सेटिंग) चालू करा, चढ लागायच्या आधीच बटणाने वरच्या गिअरची मर्यादा बांधून टाका, आणि वेग ५५ ऐवजी ४५-५० धरून उजव्या लेनने जा. पेटी सारखी बदलते ती बहुधा ५५ वर टिकायच्या हट्टामुळे. एक गिअर जोर देत नाही, खालचा त्या वेगाला फार उंच पडतो. वेग पाच मैलांनी खाली आणला की खालचा गिअर बरोबर बसतो.

तुम्ही विचाराल, मग कंपनीच्या तक्त्यात ३.२१ आणि ३.९२ च्या टो रेटिंगमध्ये (किती ओढता येईल त्या आकड्यात) हजारो पौंडांचा फरक का? कारण रेटिंग फक्त चढाचं नसतं. एसएई (वाहन इंजिनिअरांची संघटना) जे२८०७ या ओढण्याच्या चाचण्यांच्या मानकात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा चढ आहे, ११.४ मैलांचा, १०० अंश फॅरनहाइटच्या वर, एसी पूर्ण चालू ठेवून. तशीच १२ टक्के चढावर थांबून पुन्हा पुन्हा निघायचीही परीक्षा आहे, पुढे आणि मागेही. तिथे पहिला गिअर आणि रिव्हर्सच कामाला येतात, आणि तिथे ३.२१ उघडा पडतो. तुमचं ६,००० पौंडांचं ओझं त्या मर्यादेच्या आत आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गॅरेजमध्ये ३.९२ बसवल्याने दारावरचे आणि पुस्तकातले आकडे बदलत नाहीत. कंपनीने ३.९२ सोबत आणखी काय काय दिलं असतं, ते तुमच्या गाडीत आलेलं नसतं. पुढे ९-१० हजार पौंडांचा कॅम्पर घ्यायचा विचार असेल, तर ही गाडी विकून ३.९२ चीच घ्या.

३२ इंची टायर काढून ३५ इंची बसवले. एक्सल ३.७३. तेव्हापासून ट्रेलर जोडला की गाडी मेल्यासारखी चालते. टायरने एवढा फरक पडतो? (सॅक्रामेंटो)

पडतो. टायर हा शेवटचा गिअर आहे. ३.७३ गुणिले ३२.१ भागिले ३५, उत्तर ३.४२. तुम्ही न सांगता ३.४२ चा एक्सल बसवून घेतलात, वर प्रत्येक चाकाचं वजनही वाढवलंत. ब्रेकच्या डिस्क मात्र त्याच राहिल्या, म्हणजे थांबायचं अंतरही वाढलं. मूळ जागी यायला ३.७३ गुणिले ३५ भागिले ३२.१ म्हणजे ४.०७ लागेल. त्यामुळे बाजारात मिळणारा ४.१० बरोबर बसतो. इथे दात बदलायला आमची हरकत नाही, उलट ट्रेलर ओढणार असाल तर बदलाच. तोवर लक्षात असू द्या, स्पीडोमीटर ६५ दाखवतो तेव्हा गाडी ७१ ने धावतेय. टायरचा आकार कॉम्प्युटरमध्ये भरून घ्या, नाहीतर पेटी गिअरही चुकीच्या वेळी बदलत राहील.

घरच्या गॅरेजमध्ये क्राउन-पिनियन स्वतः बदलायचा विचार आहे. इंजिनाचं काम केलेलं आहे, डिफरन्शियल कधी उघडलेलं नाही. कुठे चुकतं? (डेट्रॉइट)

चुकतं ते घाईत. हत्यारं जमवल्याशिवाय कव्हर काढू नका : डायल इंडिकेटर, इंच-पौंडांचा टॉर्क रेंच, मोठा टॉर्क रेंच, बेअरिंग ओढायचा पुलर, प्रेस आणि दातांना लावायचा पिवळा रंग.

गाडी फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही एक्सल बदलावे लागतात. मागे ४.१० आणि पुढे ३.७३ ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावलं, तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारी पेटी) तुटतो. काही एक्सलमध्ये कॅरिअरही (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो. डाना कंपनीच्या ४४ नावाच्या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून वर दुसरा. डाना ६० मध्ये ही सीमा ४.१० आणि ४.५६ च्या मध्ये आहे. किट मागवण्याआधी हे पाहा.

कव्हर काढल्यावर लगेच काही सोडू नका. जुन्या दातांची बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मोजून लिहून ठेवा, जुना पॅटर्न (दातांवर उमटणारा ठसा) रंग लावून पाहा. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी आणि वर-खाली खुणा करा. त्या हाउसिंगसोबतच कापलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. दोन्ही बाजूंचे शिम (अंतर भरायच्या पातळ चकत्या) वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

पिनियनची खोली ठरवायला जुन्या शिमची जाडी हीच सुरुवात. पहिल्या जुळणीला क्रश स्लीव्ह (चेपून पिनियनच्या बेअरिंगवरचा ताण ठरवणारी नळी) घालू नका. नट एवढाच आवळा की खुळखुळ राहणार नाही, आणि पॅटर्न पाहा. जुन्या बेअरिंगचं आतलं भोक घासून थोडं मोठं केलंत की ते हाताने निघतं, दर वेळी प्रेसकडे पळावं लागत नाही. खोली बहुधा दोन-तीन वेळा बदलावी लागते, त्यासाठी धीर ठेवा.

पॅटर्न कसा वाचायचा, ते नीट पाहा. क्राउनच्या तीन-चार दातांना दोन्ही बाजूंनी रंगाचा पातळ हात द्या, क्राउनला फडक्याने थोडा अडथळा करा आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. रंग पुसला जाऊन दाताची झळाळी दिसेल, तो ठसा. ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध हवा, कडा विरत गेलेल्या हव्यात. ठसा दाताच्या शेंड्याकडे सरकला असेल तर पिनियन लांब आहे, त्याला आत घ्या. मुळाशी खोल गेला असेल आणि खालची कड धारदार दिसत असेल तर पिनियन फार जवळ आहे, मागे घ्या. ठसा दाताच्या लांबीत पुढे-मागे सरकतो तो मुख्यतः बॅकलॅशने. आधी खोली, मग बॅकलॅश. उलट केलंत तर दिवसभर गोल गोल फिराल.

बॅकलॅश बहुतेक पिकअपमध्ये ०.००६ ते ०.०१० इंच लागते, नेमका आकडा किटच्या कागदावर असतो. क्राउनवर चार ठिकाणी मोजा. जागेगणिक ०.००३ इंचाहून जास्त फरक आला तर क्राउनच्या मागे कचरा अडकलाय किंवा बोल्ट सारखे आवळले नाहीत. क्राउनचे बोल्ट नवीन घ्या, लाल थ्रेडलॉकर लावा, समोरासमोरचे आवळत जा.

सगळं जमलं की नवीन क्रश स्लीव्ह घाला. ती चेपायला कित्येकदा ३०० फूट-पौंडांच्या वर जोर लागतो, आणि चेपायला लागली की काही अंशांत काम होऊन जातं. नट थोडा आवळा, इंच-पौंडांच्या रेंचने पिनियन फिरवून त्याला लागणारी ओढ मोजा, पुन्हा थोडा आवळा. ओढ ठरल्यापेक्षा पुढे गेली तर नट सैल करून भागत नाही. स्लीव्ह गेली, नवी घाला. दोन जास्तीच्या स्लीव्ह आधीच आणून ठेवा. सैल केलेल्या नटावर चालवलेली गाडी हजार मैलांच्या आत पिनियनचं बेअरिंग खाते, आणि मग ॲक्सिलरेटर दिला की एक स्वरात रडते.

तेल जीएल-५ दर्जाचंच. नेहमी ओढणाऱ्या गाडीला एक्सल कंपनीची परवानगी असेल तर सिंथेटिक ७५डब्ल्यू-१४०. लिमिटेड स्लिप असेल तर त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर (तेलात मिसळायचं द्रव्य) विसरू नका. पहिल्यांदा १५-२० मिनिटं हलक्या पायाने चालवा आणि अर्धा तास पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ५०० मैल ट्रेलर जोडू नका, मग तेल बदला. ट्रेलरसकट पहिली फेरी १५ मैलांची, थंड होऊ द्या, असं तीनदा. नव्या दातांचे सूक्ष्म उंचवटे घासून बसायच्या आधी ओझं दिलंत तर तेल जळतं, दात निळसर पडतात आणि मग आवाज कधीच जात नाही. नवा रेशो कॉम्प्युटरमध्ये भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

उतारावर कोणता एक्सल चांगला? (सिॲटल)

त्याच गिअरमध्ये ३.७३ हा ३.३१ पेक्षा १२.७ टक्के जास्त रोखून धरतो. पण इथेही एक गिअर खाली घेतला की हिशोब बरोबर होतो. महत्त्वाचं ते वेगळंच आहे : उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी करून गिअर खाली घ्या. मध्यावर आठवण झाली तर पेटी तो गिअर घेईलच असं नाही, कारण तेव्हा फेरे मर्यादेबाहेर जातील. ब्रेक पाय ठेवून राहण्यासाठी नसतो. घट्ट दाबून वेग पाच मैलांनी उतरवा आणि पूर्ण सोडा. ट्रेलरचे ब्रेक बरोबर लागतात का, हे सपाट रिकाम्या जागी ताशी २०-२५ मैलांना हाताने लिव्हर दाबून आधीच पाहून घ्या.

आंब्याच्या सीझनला पिकअप भरून रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला जातो. साखरप्यापुढे घाट लागला की दुसरा गिअर ओढत नाही, पहिल्यात रांगत जावं लागतं, क्लचचा वास येतो. मेकॅनिक म्हणतो, जुन्या बाजारातून ९-४१ चं क्राउन-पिनियन आणून बसवू, आत्ता ९-३७ आहे. करावं का दादा? (रत्नागिरी)

आधी तीन गोष्टी तपासा, हाउसिंग त्यानंतर उघडू.

पहिलं, टायर. तुमच्या गाडीला कंपनीने २१५/७५ आर१५ दिले होते आणि तुम्ही ७.०० आर१५ चढवले का? पहिल्याचा व्यास साधारण ७०४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७५० च्या आसपास. तेवढ्यानेच ओढ सहा-सात टक्क्यांनी कमी होते. ‘दुसरा गिअर ओढत नाही’ ही तक्रार बरेचदा टायर बदलल्यानंतरच सुरू होते. मूळ मापाचे टायर लावा, निम्मं काम फुकटात होईल.

दुसरं, वजन. गाडी भरल्यावर काट्यावर घाला आणि आरसी बुकातल्या आकड्याशी ताडून पाहा. पेट्या मोजून वजनाचा अंदाज करू नका, फळांनी गच्च भरलेली लाकडी पेटी अंदाजाला फसवते. वजन जास्त निघालं तर घाटात गाडी चढवणारं क्राउन-पिनियन उतरताना ब्रेक वाचवणार नाही.

तिसरं, इंजिन. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचा होज फाटलाय का, क्लच घसरतोय का. वळणावर अर्धा क्लच दाबून गाडी तोलायची सवय असेल तर वास त्याचाच आहे.

हे सगळं ठीक असेल तर गणित असं : ३७ भागिले ९ म्हणजे ४.११, ४१ भागिले ९ म्हणजे ४.५६. ओढ अकरा टक्क्यांनी वाढेल. आज दुसरा गिअर थोडक्यासाठी कमी पडत असेल तर घाट दुसऱ्यात निघेल. पण त्याच फेऱ्यांवर आज ८० ने धावणारी गाडी ७२ ने धावेल, आणि पुढे कोल्हापूरहून हायवेवर डिझेल जास्त जाईल. सीझन दोन महिन्यांचा, बाकीचे दहा महिने सपाट रस्त्याचे असतील तर सौदा महागात पडतो. वर्षभर घाटच असेल तर करा.

करायचं झालं तर जुन्या बाजारातला जोड घेताना क्राउनच्या कडेवर आणि पिनियनच्या तोंडावर कोरलेला जोडीचा नंबर एकच आहे का, ते चिंधीने पुसून, बॅटरीच्या उजेडात स्वतः वाचा. दोन्ही एकत्र घासून जुळवलेले असतात. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन म्हणजे महिनाभरात आवाज आणि सहा महिन्यांत तुटलेला दात. पिनियनच्या दातांवर खड्डे किंवा निळसर झाक दिसली तर फुकट दिलं तरी घेऊ नका. बेअरिंग दोन्हीकडची नवीनच टाका. कंपनीने त्याच मॉडेलला हा रेशो दिलाय का, तेही पार्ट नंबरवरून पाहा. कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येऊ शकतं, आणि अपघातानंतर विमावाला तेच काढून दाखवतो.